ठोका ऐकू येईपर्यंत

काळेवाडी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मिनू,

जयभीम घे, आशीर्वादही घे, आणि पाकीट बघून हसू नकोस. पत्ता तुझ्या आईने सांगितला तसा लिहिला आहे. 'श्रीपेरुंबुदूर' लिहिताना माझ्या पेनाची दमछाक झाली. पोस्टमनची काय होईल ते तो बघेल.

मुद्द्यावर येतो. सकाळी तू फोनवर आईला जे बोललीस ते तिने मला जेवताना सांगितलं. "पप्पांना माझ्याशी बोलायचंच नाही. दोन वाक्यं झाली की फोन तुझ्या हातात. मग मी तिकडे परत येऊ तरी कशाला? कंपनी कायमचं राहा म्हणते, मी हो म्हणून टाकते." असं म्हणालीस म्हणे. मार्चअखेर कंपनीला उत्तर द्यायचं आहे, हेही तिच्याकडूनच कळलं.

अगं वेडाबाई, मी रागावलेलो नाही. कशाचा राग धरू? माझ्या कंपनीतल्या भिवाच्या पोराचं स्थळ नाकारलंस त्याचा? त्या पोराचं लग्न होऊन त्याला मुलगी झाली. नामकरणाचे पेढे मी स्वतः खाल्ले आणि भिवाच्या गळ्यात हात टाकून फोटोही काढला. चाकणचा प्लांट सोडून मद्रासच्या प्लांटला बदली मागितलीस त्याचा? तेव्हा थोडा होतो नाराज, ते खरं. पण राग धरून ठेवायला अंगात जोर लागतो, तो आता गाडीच्या किकला लागतो.

फोनचं म्हणशील तर दोष फोनचा आहे. आपल्या गल्लीत चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्या, रेंज येणार कुठून? त्यात माझ्या मोबाईलचा स्पीकर बिघडलाय. व्हिडिओवर बघावं तर तुझे ओठ आधी हलतात आणि आवाज मागाहून येतो. मोबाईलवर लिहावं तर एका अक्षराला माझं बोट तीन अक्षरं दाबतं. म्हणून म्हटलं पत्र लिहू. पत्राला रेंज लागत नाही.

आता आनंदाची बातमी. आपली लाल टू-स्ट्रोक मी पुन्हा चालू केली. तीच, जिच्यावर तू गाडी शिकलीस आणि शिकता शिकता भाजीच्या हातगाडीत घुसलीस. रिटायर झालेल्या माणसाने करावं काय? शेजारचा नागसेन म्हणतो विहारात येत जा, तुझी आई म्हणते दळण आणत जा. मी मध्यम मार्ग काढला आणि गाडी अंगणात घेतली. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला. चालू झाली, पण ओढ नाही. पुलाचा चढ आला की धापा टाकते. म्हणून टायमिंगला हात घातला.

तुला हे माहीत आहे, तरी सांगतो, कारण सांगायला मला आवडतं. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. किंचित म्हणजे किती, यात सगळी गंमत. लहानपणी तुला झोका द्यायचो तेव्हा उशीर केला तर जोर वाया जायचा, घाई केली तर येणारा झोका माझ्याच हातावर आदळायचा. ठिणगीचं तेच आहे. मॅग्नेटचं कव्हर काढायचं, आतल्या प्लेटचे स्क्रू ढिले करायचे, प्लेट केसभर सरकवायची आणि पुन्हा आवळायचं. ठिणगी लवकर पडायला लागली की ओढ वाढते. फारच लवकर पडली की चढावर इंजिनातून बारीक टकटक येते. त्याला आम्ही ठोका म्हणतो. तसंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. माझ्या वस्तादाची पद्धत साधी होती. ठोका ऐकू येईपर्यंत प्लेट पुढे न्यायची, ऐकू आला की केसभर मागे. त्याला यंत्र लागत नाही, कान लागतो.

आज प्लेट पुढे नेली. ओढ काय वाढली म्हणून सांगू! ठोका अजून आलेला नाही, म्हणजे अजून वाव आहे.

उत्तर पत्रानेच पाठव.

तुझा, न रागावलेला,
पप्पा


काळेवाडी,
रविवार, १६ फेब्रुवारी

चि. मिनू,

तुझं पत्र अजून नाही. माझं तरी पोचलं का? सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. खरंच होतो.

गाडीचं काम जोरात आहे. प्लेट रोज थोडी पुढे नेतो, पुलावर चक्कर मारतो, कान देऊन ऐकतो, आणि ठोका नाही म्हणजे नाही. एवढी गुणी गाडी मी पाहिली नाही. सायलेन्सरचा आवाज तर असा भरदार येतो की काय सांगू. काल तुझी आई पायरीवर मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "गाडीत कुणी खडे टाकलेत का?" तिला इंजिनातलं काय कळतंय! मी म्हटलं, तू मेथीतले खडे बघ.

पिंपरीला भिवा भेटला होता. तास-दीड तास गप्पा मारल्या. पत्रा दाबायच्या आमच्या जुन्या प्रेस शॉपमधल्या सगळ्यांची खबर त्याच्याकडे असते. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मिनू आता मोठी साहेबीण झाली, आमच्याशी हळू आवाजात बोलते. तो हसला, मीही हसलो.

आज खुर्चीत बसून, पाय वर घेऊन निवांत लिहितोय. माणसाने अधूनमधून आराम करावा.

पप्पा

ता. क.
मिनू, आई लिहिते. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून उघडून वाचलं. पाय वर का हाय ते लिहिलं न्हाई बघ. काल संध्याकाळी किक मारली आन् किकच उलटी फिरली. असा दणका बसला की घोटा टम्म फुगला. मला म्हणतात, चप्पल सटकली. चप्पल तर दारात काढून ठेवलेली मी सोताच्या डोळ्यानं पाहिली. हळद लावलीया, हाड मोडलं न्हाई, तू घाबरू नको. आणखी एक सांगते. तुझा फोन आला तवा हे बाथरूममधी नव्हते. मी तुझ्याशी बोलत होते तवा दाराआड उभं राहून हे माझ्या तोंडाकडं बघत होते. रागावलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं गं. पण मला बी काय सांगत न्हाईत.


काळेवाडी,
रविवार, २ मार्च

चि. मिनू,

तुझं पत्र आलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ: "पप्पा, दाराआड का उभे होता?" म्हणजे तुझी आई माझी पत्रं फोडते. घरात एक सीबीआय ऑफिस आहे हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

उत्तर देतो. आठवडाभरापूर्वी विचारलं असतंस तर मलाच नीट देता आलं नसतं.

पाय बरा झाल्यावर बुधवारी मी तुझ्या आईला गाडीवर घेऊन पुनावळ्याला तुझ्या भिमाबाई आत्याकडे निघालो. पुलाचा चढ लागला, गाडी टॉपला होती, ओढ झकास. इतक्यात आईने माझ्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलं हळू चला म्हणते. हळू केली. ती पुन्हा मारते, मग दोन्ही हातांनी मारते. पुलावर कडेला गाडी थांबवली. ती उतरून म्हणाली, "अहो, खडे वाजतायत! मघापासून वाजतायत!" मी इंजिन चालू ठेवून वाकून ऐकलं. काहीसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात मागून आपला नाक्यावरचा गॅरेजवाला रणजीत आला. गाडी आडवी घातली आणि म्हणाला, "काका, पिस्टनला भोक पाडायचा नवस केलाय का? नाक्यापासून ऐकतोय मी. टायमिंग कुणी एवढं पुढं नेलं?" मी म्हटलं, ठोका येत नाही तोवर न्यायचंच असतं. मग मला मागे बसवून त्याने माझी गाडी चढावर घातली आणि मान वळवून ओरडला, "हा बघा. हा. आला का ऐकू?" मी म्हटलं, आला. चक्क खोटं बोललो, मिनू. मला फक्त सायलेन्सर ऐकू येत होता.

परत येऊन मी गाडीजवळ उभा राहिलो. तुझी आई माझ्या मागे होती. रणजीत एकदम दचकून तिच्याकडे बघायला लागला, मला कळेना का. मग ती फिरून माझ्यासमोर आली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "मी मागनं तुमचं नाव घेतलं. कोंडीराम म्हणून हाक मारली. दोनदा."

तुला माहीत आहे, ही बाई लग्नापासून माझं नाव घेत नाही. रेशनकार्डाच्या ऑफिसात साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं तर तुला पुढे करायची. ती भर पुलावर, परक्या माणसासमोर, मला नावाने हाक मारते आणि मी वळत नाही. मग मात्र लपवायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिंपरीतल्या एका कानाच्या दवाखान्यात गेलो. तिथे एका बंद खोलीत बसवतात, कानावर डबे चढवतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. पहिले दोन-चार आवाज आले, मी शाळेतल्या हुशार पोरासारखं पटापट दाबलं. मग काहीच येईना. काचेपलीकडची मुलगी खाली बघत होती. मला वाटलं चहा पीत असेल, म्हणून वाट बघत बसलो. शेवटी तिने दार उघडलं. म्हणाली, "काका, झालं." मी म्हटलं, अजून सुरू कुठे केलंत?

तिने कागद दाखवला. त्यावर एक रेघ सरळ येते आणि मग विहिरीत उडी मारावी तशी खाली जाते. मुलगी चांगली होती, समजावून सांगत होती. जाडे आवाज शाबूत आहेत, बारीक गेले. म्हणजे सायलेन्सर ऐकू येणार, ठोका नाही. भिवाचं घसाफोड बोलणं ऐकू येणार. प्रेसवर आयुष्य काढलेल्या माणसांचं असंच होतं, म्हणाली. मी विचारलं, आणखी काय काय गेलं? ती म्हणाली, "पक्ष्यांचे आवाज, कुकरची शिट्टी थोडी, बायकांचे, मुलींचे आवाज. फोनवर तर जास्तच."

मिनू, तुझा आवाज पहिल्यापासून बारीक. तू रडायला लागलीस की शेजारची म्हातारी म्हणायची, पिपाणी वाजली. फोनवर मला फक्त काहीतरी पुटपुटल्यासारखं यायचं. आधी मी मोबाईलला शिव्या दिल्या. मग मनात आलं, ही मुद्दामच पुटपुटते, स्थळावरून मी बोललो ते हिच्या मनात अजून आहे, आईशी मोकळं बोलते आणि माझ्याशी मोजून. मी उगाच हो ला हो करायचो. पण भीती वाटायची, तू एखादं दुःख सांगत असशील आणि मी 'छान छान' म्हणून हसत असेन. म्हणून फोन आईला द्यायचो. दाराआड उभं राहून तिच्या तोंडाकडे बघायचो. ती हसली म्हणजे तू ठीक आहेस.

तिकडे तुला वाटतंय पप्पाला बोलायचं नाही. इकडे मला वाटतंय मुलीला बोलायचं नाही. आपण दोघंही कसले शहाणे निघालो! मला या गोष्टीचं फार वाईट वाटतंय, आणि हसूही येतंय, आणि आई म्हणते पत्र पुरे करा, कागद ओला होतोय.

पप्पा


काळेवाडी,
रविवार, १६ मार्च

चि. मिनू,

तुझं लांबलचक पत्र आलं. मी वाचलं, मग आईने वाचलं, मग मी पुन्हा वाचलं. 'पप्पा, मी पुटपुटत नव्हते, ओरडत होते' हे वाक्य वाचून तर मी कपाळाला हात लावला. तू ओरडलीस म्हणजे आवाज आणखी बारीक होणार, आणि मला आणखी कमी ऐकू येणार. दवाखान्यातली मुलगी म्हणाली होती तेच. फोनवर ओरडू नका, आवाज खाली उतरवून, जाडा करून, सावकाश बोला. कानाचं मशीन सांगितलंय, पण ते यायला वेळ आहे.

गाडी विकू नका असं तू लिहिलंस, बरं केलंस. रणजीत म्हणत होता, माझ्याकडे सोडा, मी टायमिंग लावून देतो. तुझी आई त्याला म्हणाली, "काय नको. कान माझा हाय, हात ह्यांचे हायत." तो हसत गॅरेजकडे गेला.

मग आम्ही कामाला लागलो. प्रेस शॉपमध्ये आम्ही तोंडाने बोलतच नव्हतो. एवढ्या दणदणाटात कोण ऐकणार? सगळं हातवाऱ्यांवर. मूठ वर केली की मशीन थांबव, अंगठा ओठाला लावला की चहा आला, कपाळावर बोट फिरवलं की साहेब येतोय. तुझ्या आईला मी ते शिकवलं. साहेबाची खूण तिने लगेच उचलली, आता भिमाबाई घरी आली की करते.

अंगणात प्लेट केसभर मागे घ्यायची, आवळायची, दोघांनी पुलावर जायचं. ठोका आला की आईने पाठीत मूठ दाबायची. पहिल्या चकरेला तिने अशी दाबली की मणका सरकला असता. पुढच्या चकरेला जरा उशिराने, चढाच्या मध्यावर. मग अगदी माथ्याजवळ, तीही जराशी. प्रत्येक वेळी घरी यायचं, कव्हर काढायचं, प्लेट सरकवायची. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बसल्या. कुणीतरी विचारलं, "कस्तुराबाई, कुठं चाललात सारख्या?" ही हेल्मेटमधून म्हणाली, "ड्युटीला."

शेवटच्या चकरेत पूल चढलो, माथा आला, उतरलो, तरी मूठ नाही. मला वाटलं हिला झोप लागली. मागे बघितलं तर हेल्मेटच्या काचेतून डोळे बारीक करून हसत होती. तिने अंगठा ओठाला लावून दाखवला. मग हायवेला कडेला थांबून आम्ही चहा प्यायलो. लग्नानंतर आम्ही दोघं असे घराबाहेर, काही काम नसताना, कधी चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. कायम तीन पाळ्या आणि ओव्हरटाइम. तिला विचारलं, तिलाही आठवेना. गाडीत ओढ पूर्वीइतकी नाही, पण किक आता लोण्यासारखी जाते.

आता तुझं. महिनाअखेर आली. तू विचारलंस, पप्पा, तुम्हाला काय वाटतं? मला वाटतं तू इथे यावंस. चाकणला नोकरी करावी, संध्याकाळी माझ्यासमोर बसून भाकरी खावी. हे मी लिहिणार नव्हतो, पण लपवालपवीचा मला कंटाळा आला. पण बाई, माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. तिथलं काम आवडत असेल तर राहा. फक्त 'पप्पाला माझं ऐकायचं नाही' म्हणून राहू नकोस. ते कारण आता खोटं ठरलंय. खोट्या कारणावर तू तिथे राहिलीस तर मला सहन व्हायचं नाही.

पप्पा


काळेवाडी,
रविवार, ३० मार्च

चि. मिनू,

सकाळीच बोललो, तरी लिहितोय. पत्राची सवय लागली बघ.

फोन आईने उचलला आणि लगेच माझ्या हातात दिला. मी कानाला लावला तर पलीकडून कुणीतरी बाप्या बोलतोय. मी म्हटलं, कोण, भिवा का? तुझी आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. तू पुन्हा तसाच जाडाभरडा आवाज काढलास, एकेक शब्द सुटा करून: "पप्पा, मी मिनू. ऐकू येतंय का?"

मी फोन कानाला घट्ट दाबला. म्हटलं, येतंय. बोल.

मग तू सांगत गेलीस आणि मी ऐकत गेलो. नवी लाइन तुझ्या हाताखाली दिलीय. तुझ्या हाताखालच्या बायका तुला अक्का म्हणतात. इडलीचा कंटाळा आलाय. खोलीच्या मालकिणीने पाणी बंद केलं आणि तू तिच्याशी हिंदीत भांडलीस, ती तुझ्याशी तमिळमध्ये. मी मधेच म्हटलं, अगं खोली बदल. तू म्हणालीस, पप्पा, तुम्हाला काय कळतंय, इथून प्लांट जवळ आहे. मी म्हटलं, जवळ असून काय, पाणी नको का? आणि आपण भांडलो. मला प्रत्येक शब्द कळत होता. मधे तुझा घसा बसला, खोकलीस, पाणी प्यालीस, आणि पुन्हा तोच आवाज लावलास. भांडणाच्या भरातसुद्धा तू आवाज बारीक होऊ दिला नाहीस, हे माझ्या लक्षात आलं.

मग तूच भांडण आवरलंस. म्हणालीस, "पप्पा, मला हे काम फार आवडतं. मी इथेच राहणार आहे."

दोन वर्षांत तुझ्या तोंडून पहिली महत्त्वाची गोष्ट मला ऐकू आली ती ही. वाईट वाटलं, मिनू. मी 'छान' म्हणालो ते खोटं नव्हतं, पण त्या शब्दाला जोर लागला. तू पुढे सुट्टीचं, तिकिटांचं बोललीस, आम्ही दोघांनी तिकडे यावं म्हणालीस. येऊ. आई आतापासून लोणच्याच्या बरण्या काढून बसली आहे.

फोन ठेवला तेव्हा ती समोरच उभी होती. इतके दिवस तू फोन ठेवलास की मी तिच्या मागे लागायचो, काय म्हणाली, काय म्हणाली. आज तिला काहीच कळलं नव्हतं, कारण फोन माझ्याच कानाला होता. तिने विचारलं, "काय म्हणाली पोरगी?"

"तिथेच राहणार आहे," मी सांगितलं. "मला म्हणाली."

तुझा,
पप्पा